वाकड्या डोक्याचा गळ

"काकू म्हणायचं नाही," हे त्यांचं माझ्याशी बोललेलं पहिलं वाक्य. मी दारात उभी होते. पाठीवर सॅक, एका हातात बॅग, दुसऱ्या हातात आईने दिलेला बेसनाच्या लाडवांचा डबा. तोंडातून "नमस्कार काकू" एवढंच बाहेर पडलं होतं.

"काकू व्हायला आधी काका लागतो. मावशी म्हण. मावशी व्हायला कुणाची बायको असावं लागत नाही. आणि चपला आत काढ, बाहेर राहिल्या तर झाडणारा हलवतो."

तेव्हापासून त्या माझ्या मावशी. सिंगापूरमधल्या जुरोंग ईस्टच्या त्यांच्या फ्लॅटमधली एक खोली मी भाड्याने घेतली होती. ऑफिस तांजोंग पगारला, म्हणजे एमआरटीने, इथल्या मेट्रोने, सरळ जाता येत होतं. घर सुचवणाऱ्या ओळखीच्यांनी सांगितलं होतं, "मराठी आहेत, शुद्ध शाकाहारी आहेत, एकट्या असतात. फक्त जरा विक्षिप्त आहेत." विक्षिप्त म्हणजे काय, असं मी विचारलं तेव्हा ते म्हणाले, "कळेल."

ते आत पाऊल टाकताच कळलं. जेवणाच्या टेबलाच्या अर्ध्या भागावर एक वाकवता येणारा दिवा होता, त्याखाली मोठं भिंग, आणि टेबलाच्या कडेला एक चिमुकला व्हाइस, म्हणजे शिकंजा, घट्ट आवळलेला. व्हाइसच्या जबड्यात एक गळ. आजूबाजूला पारदर्शक डब्यांमध्ये कोंबड्याची पिसं, टर्कीची पिसं, सशाच्या कातड्याच्या पट्ट्या, रंगवलेले हरणाचे केस. मी लाडवांचा डबा छातीशी धरून उभी राहिले.

"घाबरू नकोस," मावशी म्हणाल्या, "हे शिजवायचं नाहीये."

टेबलाच्या उरलेल्या अर्ध्या भागावर आम्ही वरण-भात-तूप खाल्लं. घरात अंडंसुद्धा येत नसे. बेकरीतला केक त्या तीनतीनदा विचारून घ्यायच्या. आणि शनिवार-रविवारी उजाडायच्या आत, पुण्यात राहणाऱ्या नवऱ्याचा बोटीवरचा जुना निळा बॉयलर सूट, तो अंगभर एकसंध पोशाख, चढवून, बाह्या कोपरापर्यंत दुमडून, बांगड्या काढून, ही शुद्ध शाकाहारी बाई मासे पकडायला घराबाहेर पडायची.

पकडलेला प्रत्येक मासा त्या परत पाण्यात सोडायच्या. त्यासाठी गळाच्या टोकामागची उलटी नांगी पकडीने दाबून आधीच सपाट केलेली असायची, म्हणजे गळ अलगद सुटतो. "मग पकडता कशाला?" हा प्रश्न त्यांना भेटणारा प्रत्येक मराठी माणूस विचारायचा. त्यांचं उत्तर ठरलेलं होतं.

"तुम्ही पत्ते खेळता ना? मग खेळून झाल्यावर खाता का ते?"

मावशी एका शिपयार्डच्या ड्रॉइंग ऑफिसमध्ये नोकरी करून निवृत्त झाल्या होत्या. जहाजांच्या टाक्या कुठे असाव्यात, वजन कुठे ठेवावं, पोट किती खोल असावं, ही चित्रं काढण्यात त्यांचं उभं आयुष्य गेलं होतं. त्यामुळे गळावर पिसं बांधून मासोळीसारखी दिसणारी जी नकली माशी, म्हणजे माशांना भुलवायचं आमिष, त्या तयार करायच्या, तिच्याबद्दलही त्या जहाजाबद्दल बोलावं तसं बोलायच्या. पहिल्या आठवड्यातच त्यांनी मला दिव्याखाली बसवलं.

"हा बघ साधा गळ, सरळ. आणि हा बघ. याचं डोकं वाकडं आहे." दोरी बांधायचं छिद्र दांडीच्या रेषेत नव्हतं, मान वर वळवल्यासारखं होतं. त्या मानेशी त्यांनी एक टंगस्टनचा जड मणी सरकवला. "वजन सगळं नाकात. म्हणजे पाण्यात पडलं की हे जहाज आपोआप उलटं होतं. गळाचं टोक वर, दांडी खाली. तळाशी मुळं असोत की बुडलेल्या फांद्या, टोक त्यांत रुतत नाही. बाकीच्या माशा सरळ पोहतात आणि अडकून राहतात. ही उलटी पोहते आणि परत येते."

मग शेपटीला टर्कीच्या मऊ पिसांचा झुपका, अंगाला सशाची पट्टी, गळ्याशी चमकी. दोऱ्याचे वेढे एकमेकांना चिकटून, एकही दुसऱ्यावर चढलेला नाही. ओढलं की नाक वर, थांबलं की नाक खाली, अशी ती पाण्यात धडपडत चालायची, जखमी मासोळीसारखी. हा प्रकार मुळात थंड देशांतल्या नद्यांचा, तिथल्या ट्राउट माशांसाठी निघालेला. सिंगापूरच्या उकाड्यात ट्राउट कुठला! घराजवळच्या तळ्यावर त्यांच्यासोबत मासे पकडणारा एक म्हातारा चिनी गृहस्थ होता, शिपयार्डातला त्यांचा जुना सहकारी. सगळे त्याला अंकल म्हणायचे. तो त्यांना पुन्हा पुन्हा सांगायचा, "आंटी, धिस वन फॉर ट्राउट. हिअर नो ट्राउट, लाह."

"ते इथल्या बास माशाला कोणी सांगितलंय?" मावशी म्हणायच्या. आणि तळ्यातला पीकॉक बास जातीचा मासा खरोखरच त्या माशीवर तुटून पडायचा.

"कोणी सांगितलं?" हे त्यांचं पालुपद होतं. "असं नसतं करत" किंवा "या वयात शोभत नाही" असं कुणी म्हणालं की त्या शांतपणे विचारायच्या, "कोणी सांगितलं? नाव सांग, फोन लावते." समोरच्याला नाव काही सांगता यायचं नाही. एकदा इमारतीखालच्या हिरवळीवर त्या दोरी फेकायचा सराव करत होत्या. लांबच लांब दोरी डोक्यावरून मागे जाते, सरळ होते, मग पुढे झेपावते. बघायला सुंदर, पण शेजाऱ्यांना भीती वाटली आणि कुणीतरी तक्रार केली. चौकशीला आलेला तरुण अधिकारी म्हणाला, "आंटी, गळाने कुणाला तरी लागेल." मावशींनी दोरीचं टोक त्याच्या हातात दिलं. त्याला गळ नव्हताच, लाल लोकरीचा एक तुकडा बांधलेला होता. "हिने कुणाला लागलं तर मला बोलव, मी मलमपट्टी करीन," त्या इंग्रजीत म्हणाल्या. तो हसला आणि गेला. त्यानंतर सराव रोज संध्याकाळी, त्याच जागी.

मी एकदा विचारलं, हे वेड लागलं कसं? दोऱ्याचे वेढे देता देताच त्यांनी सांगितलं. नवरा मर्चंट नेव्हीत चीफ इंजिनिअर होता. घरीदारी सगळे त्याला चीफच म्हणायचे, त्याही म्हणायच्या. मूलबाळ झालं नाही. तो वर्षातून थोडे दिवस घरी असायचा, बाकी बोटीवर. एका वर्षी त्याची बोट वादळात सापडली आणि कितीतरी दिवस काहीच कळेना. कंपनीला फोन केला की "कळवतो" एवढंच उत्तर.

"ऑफिसात रेघ सरळ येईना. अंकलच्या लक्षात आलं. तो काही बोलला नाही. रविवारी तळ्यावर घेऊन गेला आणि गळाची काठी हातात दिली. म्हणाला, होल्ड. बस, एवढंच. दिवसभर धरून बसले. हातात काहीतरी होतं म्हणून डोकं ठिकाणावर राहिलं. चीफ सुखरूप आला, पण काठी मी परत दिली नाही."

चीफ निवृत्त झाला तेव्हा त्याने पुण्यात फ्लॅट घेतला आणि बायकोला सांगितलं, सामान बांध. त्या म्हणाल्या, मी नाही येणार. भांडण झालं नाही, घटस्फोट झाला नाही. तो तिकडे गेला, त्या इकडे राहिल्या. दर रविवारी दुपारी त्याचा फोन यायचा. मावशी त्याच्याशी "अरे तुरे" करायच्या. आयुष्यभर त्या त्याला अहोजाहो करत आल्या होत्या, तो निवृत्त झाला त्या दिवशी त्यांनी अरेतुरे सुरू केलं. "नोकरी संपली, हुद्दा संपला," त्या मला म्हणाल्या.

इथल्या मराठी मंडळींमध्ये यावरून कुजबुज होतीच. पण कुजबुज करणाऱ्यांनाही दर वर्षी मावशी लागायच्या, कारण गणपतीच्या नैवेद्याचे उकडीचे मोदक त्या करायच्या. भाड्याच्या हॉलमध्ये गणपती बसायचा आणि मावशींच्या मोदकांच्या कळ्या बघायला बायका गोळा व्हायच्या. ज्या बोटांनी सशाचे केस एका रेषेत बसायचे, त्याच बोटांनी उकडीला नाजूक चुण्या पडायच्या.

एका वर्षी कुणीतरी त्यांचा फोटो फेसबुकवर टाकला. बॉयलर सूट, ओले हात, हातात सोनेरी-हिरवा बास, चेहऱ्यावर हसू. गणपतीच्या आदल्या आठवड्यात मराठी मंडळाच्या अध्यक्षांच्या बायकोचा फोन आला. मावशींनी तो स्पीकरवर ठेवला, कारण हात दोऱ्यात गुंतलेले होते.

"मावशी, यंदा मोदकांना तुम्ही हात लावू नये असं काही जणांचं म्हणणं आहे. मासे हाताळता ना तुम्ही. नैवेद्य आहे, उगाच चर्चा नको."

"कुणाचं म्हणणं? नाव सांग, फोन लावते."

"तसं नाही हो. सगळ्यांचंच."

"मग सगळ्यांची नावं सांग. मला वेळ आहे."

पलीकडून "बघा बुवा, समजून घ्या" असं काहीतरी आलं आणि फोन बंद झाला. मावशी हसल्या नाहीत, चिडल्याही नाहीत. पुन्हा माशी बांधायला लागल्या. त्या दुपारी दोरा तीनचारदा तुटला. त्यांचा दोरा कधी तुटत नसे.

गणेश चतुर्थीला त्यांनी घरच्या गणपतीसमोर मोदक ठेवले, हात जोडले, उरलेले डब्यात भरले आणि मला म्हणाल्या, "चल." आम्ही तळ्यावर गेलो. अंकल मासेमारीच्या नियमांच्या पाटीशेजारी उभा होता. तळ्याच्या त्या काठापुरतीच मासेमारीला परवानगी होती, आणि तीही फक्त नकली आमिषाने. त्याने मोदक उलटसुलट करून बघितला.

"व्हॉट इज धिस, आंटी?"

"डम्पलिंग. देवाचं डम्पलिंग."

त्याने अर्धा तोंडात टाकला. आतलं खोबरं आणि गूळ जिभेला लागला तसे त्याचे डोळे मोठे झाले. "सेम सेम! लाइक अवर कुए, लाह!" कुए म्हणजे त्यांची तांदळाच्या पिठाची मिठाई. मग त्याने शेजारच्या मलाय आजोबांना हाक मारली, त्यांनी त्यांच्या नातीला. तूप नसताना, पानाऐवजी कागदी रुमालावर, त्या डब्यातले सगळे मोदक फस्त झाले. मावशी बघत होत्या. रिकामा डबा बंद करताना त्या म्हणाल्या, "हॉलमध्ये एवढ्या आवडीने कुणी खात नाही. एक खातात आणि डाएटवर बोलतात."

पुढच्या वर्षी अध्यक्षांच्या बायकोचा पुन्हा फोन आला. आदल्या वर्षी दुसऱ्यांनी केलेले मोदक वाफेवर फुटले होते, म्हणे. मावशींनी ऐकून घेतलं.

"येते. पण सकाळी मी तळ्यावर असते. तिथूनच सरळ येईन, आहे त्या कपड्यांत. चालेल?"

पलीकडे कुणाशी तरी कुजबुज झाली. मग बारीक आवाजात, "चालेल."

त्या खरोखर तशाच गेल्या. भरजरी साड्यांच्या त्या हॉलमध्ये निळा बॉयलर सूट घालून शिरल्या, कोपरापर्यंत साबणाने हात धुतले आणि अध्यक्षांच्या बायकोच्या नाकासमोर धरले. "घे वास. मनात शंका ठेवून मोदक खाऊ नये."

त्या बाईंनी खरंच वास घेतला. मग लाजून म्हणाल्या, "साबणाचा येतो."

"मग आण उकड," मावशी म्हणाल्या आणि मांडी घालून बसल्या.

त्यानंतर काही महिन्यांनी चीफ आले. आधी फोनवर एवढंच कळलं होतं की पुण्यात त्यांच्या छातीत दुखलं, डॉक्टरांनी स्टेंट बसवला, आता बरे आहेत. दारात मी त्यांना प्रथम पाहिलं. उंच, ताठ, पांढऱ्या मिशा. चालताना मात्र त्यांचा हात भिंतीच्या जवळ जवळ राहायचा. मावशींनी त्यांची बॅग घेतली, पाणी दिलं, औषधांच्या वेळा विचारून फ्रिजवर चिकटवल्या. प्रेमाने की कर्तव्याने, ते मला सांगता येणार नाही. सगळं नीट केलं, एवढं खरं.

रात्रीच्या जेवणाआधी चीफ टेबलाशी बसले. व्हाइसमधल्या अर्धवट माशीकडे बघता बघता त्यांनी तिच्या गळ्याजवळची सोनेरी चमक बोटाने दाखवली. "ही जरीची तार कुठून आणलीस?"

"शालूतून."

"कुठल्या शालूतून?"

"आपल्या लग्नातल्या. कडेची उसवते थोडी थोडी. बाजारातली चमकी दोन फेकींत जाते, ही टिकते."

चीफनी बोट मागे घेतलं. मी उठून खोलीत निघून जावं का, या विचारात होते. मग ते म्हणाले, "मी हे घर विकायचं ठरवलंय. दोघांच्या नावावर आहे, तुझी सही लागेल. शनिवारी सकाळी एजंट येतोय. तू चल आता माझ्यासोबत."

"शनिवारी सकाळी मी तळ्यावर असते," मावशी म्हणाल्या आणि वरणाला फोडणी द्यायला उठल्या.

शनिवारी त्या खरंच निघाल्या. मला म्हणाल्या, "थर्मास तू घे." लिफ्टचं दार बंद होता होता चीफ आत शिरले. त्यांच्या अंगावर इस्त्रीचा शर्ट होता, एजंटसाठी घातलेला. आम्ही तिघं तळ्यापर्यंत चालत गेलो.

सकाळचं ऊन अजून वर आलं नव्हतं. मावशींनी दोरी सैल केली, एकदा मागे, एकदा पुढे, आणि पाण्यात वाकलेल्या झाडाच्या अगदी जवळ माशी टाकली. ओढ, थांब. ओढ, थांब. चीफ बाकावर बसले. मी थर्मास हातात धरून उभीच राहिले.

"मला एकट्याला राहवत नाही तिकडे," चीफ म्हणाले.

मावशींचा हात थांबला. दोरी पाण्यावर सैल पडली. इतके दिवस ते घराबद्दल, एजंटबद्दल बोलत होते. हे त्यांचं पहिलं खरं बोलणं होतं, आणि त्या दोघांनाही ते कळलं असावं.

"मग इकडे ये," मावशी म्हणाल्या.

"इकडे मी काय करणार?"

"तू बोटीवर होतास तेव्हा मी इकडे काय केलं? कुणी आणून दिलं नाही मला. मी शोधलं. तूही शोध."

"या वयात?"

"कोणी सांगितलं वय झालं? नाव सांग."

"डॉक्टरांनी सांगितलं," चीफ रागाने म्हणाले. "नाव सांगू? फोन लावतेस?"

मावशींनी वळून त्यांच्याकडे पाहिलं. त्या चीफजवळ गेल्या नाहीत. तिथूनच, काठी हातात ठेवून म्हणाल्या, "अरे, मी तुला असा एकटा मरू देणार नाहीये. इथेही डॉक्टर आहेत, माझ्यासमोर राहशील. पण मी तिकडे येऊन तुझी वाट बघत बसणार नाही. मी खूप वाट बघितली. त्या वादळातही बघितली. आता माझ्याकडून होणार नाही."

"लोक म्हणतील, नवरा आजारी आणि ही..."

ते वाक्य पुरं झालं नाही. सैल दोरी एकदम ताणली गेली. मावशींनी काठी न उचलता डाव्या हाताने दोरी सपकन मागे खेचली आणि पाणी फुटलं. मासा मोठा होता. तो सरळ झाडाच्या मुळांकडे निघाला, काठी अर्धवर्तुळासारखी वाकली, त्यांच्या बोटांमधून दोरी सरसर निसटायला लागली.

चीफ उठून उभे राहिले. "सोड! तुटेल ती!"

"नाही सोडणार!" मावशी ओरडल्या. त्या माशाशी बोलत होत्या की नवऱ्याशी, देव जाणे. चपला चिखलात रुतवून, काठी आडवी करून त्यांनी त्याला मुळांपासून बाजूला वळवलं. तो पुन्हा आत गेला, त्यांनी पुन्हा वळवलं. अंकल पलीकडून धावत आला पण हात लावायला पुढे झाला नाही. त्या झटापटीत मध्ये पडायची कुणाचीच हिंमत नव्हती. शेवटी मासा थकून काठाशी आला. सोनेरी अंगावर काळे उभे पट्टे, लाल डोळा, शेपटीवर मोराच्या पिसासारखा ठिपका.

मावशींनी हात ओले केले, त्याला पोटाखालून धरलं आणि चीफकडे पाहिलं. "हात ओले कर आणि धर."

चीफनी नकारार्थी मान हलवली. मावशींनी गळ काढला, माशाला क्षणभर पाण्यात स्थिर धरलं आणि हात उघडले. तो गेला.

चीफचा फोन वाजला. एजंट दारात उभा होता. चीफनी फोन मावशींपुढे केला.

"मला काय देतोस? तू बोलावलंस, तू सांग."

त्यांनी फोन कानाला लावला, पाण्याकडे बघत एवढंच म्हणाले, "नॉट टुडे." आणि आमच्याआधी घराकडे चालायला लागले.

आठवड्याभरात ते पुण्याला परत गेले. विमानतळावर मावशींनी औषधांची पिशवी त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती घेतली, पण मागे वळून पाहिलं नाही. त्यानंतर रविवारचा फोन बंद झाला.

मराठी मंडळींमध्ये आता कुजबुज राहिली नव्हती, उघड बोललं जायचं. आजारी नवऱ्याला एकटं पाठवलं. दगड आहे बाई. माझी आईसुद्धा फोनवर म्हणाली, "तू दुसरं घर बघ गं, असल्या संगतीत राहू नकोस." मी म्हटलं, "कोणी सांगितलं?" आणि माझं मलाच हसू आलं.

मावशी तशाच होत्या. तळं, सराव, दिवा, दोरा. त्या वर्षी शेजारच्या देशातल्या जंगलांच्या आगींचा धूर सिंगापूरवर उतरला, आठवडाभर इमारती दिसेनात, सगळे खिडक्या लावून बसले. मावशी मास्क बांधून टेबलाशी बसल्या आणि डबा भरून माशा बांधल्या. फक्त रविवारी दुपारी त्या फोन आणून व्हाइसच्या शेजारी ठेवायच्या, आणि जेवणं झाली, भांडी झाली, तरी तो तिथेच असायचा. मी ते पाहिलंय हे त्यांना माहीत होतं.

अशाच एका रविवारी त्यांनी मान वर न करता विचारलं, "माझं चुकलं असं वाटतं तुला?"

"नाही," मी म्हटलं.

"मला वाटतं कधीकधी." त्यांनी गाठ मारली, दोरा कापला. "पण म्हणून मी जाणार नाही."

यापेक्षा जास्त मावशी त्या विषयावर कधी बोलल्या नाहीत. त्यांना आपल्या निर्णयाची खात्री होती म्हणून त्या ठाम होत्या, असं आम्ही सगळे समजत होतो. तसं नव्हतं. शंका होती, भीती होती, आणि तरीही त्या ठाम होत्या. मी त्यांच्याकडून माशी बांधायला धड शिकले नाही. माझ्या माशा अजूनही भिजलेल्या झुरळासारख्या दिसतात. पण त्या रविवारचं ते एक वाक्य मी नीट लक्षात ठेवलं, आणि पुढे मला ते ऑफिसात, लग्नाच्या बोलण्यांत, बऱ्याच ठिकाणी उपयोगी पडलं.

मग एका शनिवारी सकाळी मी उशिरा उठले होते. मावशी तळ्यावर गेलेल्या. दाराची बेल वाजली. उघडलं तर चीफ. मागे दोन मोठ्या बॅगा, बोटीवर नेतात तसल्या, आणि काखेत गुंडाळलेली चटई. श्वास थोडा लागला होता.

"ती आहे?"

"तळ्यावर."

ते आत आले, चपला आत काढल्या आणि कुठे बसावं हे न कळल्यासारखे उभे राहिले. मी मावशींना फोन लावला. बऱ्याच रिंगांनी त्यांनी उचलला. मागे पाण्याचा आवाज, अंकलचं ओरडणं.

"मावशी, ते आलेत. बॅगा घेऊन."

पलीकडे अंकलचं ओरडणं वाढलं. मला वाटलं, त्यांना ऐकू गेलं नाही.

"दोन बॅगा आहेत," मी म्हटलं.

"त्याने औषध घेतलंय का विचार."

मी विचारलं. "घेतलंय."

"बरं," मावशी म्हणाल्या. त्यांचा आवाज जरा वेगळा लागत होता, पण लगेच सावरला. "चहा हवा असेल त्याला. तू करू नकोस. पातेलं कुठे आहे ते दाखव. आणि ठेव आता, माझ्या दोरीला मासा आहे."

मी पातेलं दाखवलं. चहापत्तीचा डबा, आलं, साखरेची बरणी दाखवली. चीफनी शर्टाच्या बाह्या दुमडल्या, बॉयलर पेटवावा तसा गॅस पेटवला आणि पाणी मोजून घातलं. उकळी येईपर्यंत ते पातेल्याकडे एकटक बघत होते. मग चमचा साखरेच्या बरणीत तसाच ठेवून त्यांनी मला विचारलं, "ती किती साखर घेते?"

मला माहीत होतं. पण मी सांगितलं नाही.

"येतीलच त्या," मी म्हटलं. "त्यांनाच विचारा."